चारचौघांत बोलताना छाती का धडधडते?

वर्गात पन्नास-साठ मुलांपुढे दिवसभर बोलणारे आपण शिक्षक, केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन मिनिटे बोलायचे म्हटले की मागच्या रांगेत सरकतो. विषय ओळखीचा, श्रोते मोजके, तरीही तोंडाला कोरड पडते आणि पोटात गोळा येतो. यात नुकसान एकट्या शिक्षकाचे होत नाही. अपूर्णांक शिकवण्याची एखाद्याला सापडलेली चांगली युक्ती त्याच्या वर्गाबाहेर कधी पोचतच नाही. म्हणून या भीतीकडे स्वभावदोष म्हणून न पाहता शरीरातली एक घटना म्हणून पाहू या.

शरीरात काय घडते?

अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भीती आणि संताप यांमुळे शरीरात होणारे बदल १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. संकट जाणवताच प्राण्याचे शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. मेंदूकडून अनुकंपी चेतासंस्थेला इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचनसंस्थेकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. लाळ कमी होते, म्हणून घशाला कोरड. पचन मंदावते, म्हणून पोटात गोळा. स्नायू ताणले जातात, म्हणून हातातला कागद थरथरतो. जनावरापासून पळणाऱ्याला ही तयारी उपयोगी पडते. सभेत उभे राहणाऱ्याला पळायचे नसते, त्यामुळे तयारीचा त्रास तेवढा जाणवतो.

वर्गात नाही, मग सभेतच का?

जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. नोकरीसाठी आपण कसे योग्य आहोत, हे परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलून सांगायचे. मग १०२२ मधून १३-१३ वजा करत तोंडी हिशेब करायचा. एवढ्याने कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दोन ते चार पट वाढली. पुढे २००४ साली डिकरसन आणि केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. दुसरे आपल्याला जोखत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ही वाढ सर्वांत जास्त होते, असे त्यांना आढळले. वर्गात आपण मुलांना जोखतो; सभेत सहकारी आपल्याला जोखतील असे वाटते. फरक इथे आहे.

पाय मागे घेतला की लगेच हायसे वाटते. पण तो दिलासाच टाळण्याची सवय पक्की करतो. बोलूनही काही बिघडले नाही, हा अनुभव मेंदूला मिळतच नाही.

एक उदाहरण

बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले. डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि घेतलेली तीस रुपये फी परत घ्यायला सांगून त्यांनी काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवले, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. पुढे १८९३ साली प्रिटोरियात हिंदी लोकांच्या सभेत, व्यापारातील सचोटी या विषयाची तयारी करून ते बोलले आणि ते भाषण नीट पार पडले. मात्र १८९६ साली मुंबईच्या मोठ्या सभेत त्यांचा आवाज पुन्हा बसला आणि त्यांचे लिहिलेले भाषण अखेर दिनशा वाच्छा यांनी वाचले. म्हणजे भीती एका फटक्यात जात नाही. पायरी फार उंच असेल तर ती परत येते, आणि परत आली म्हणून आधीची कमाई वाया गेली असे होत नाही.

पायरीपायरीने

सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती मेरी कव्हर जोन्स यांनी कशी घालवली, हे त्यांनी १९२४ साली लिहिले. मूल आवडीचे खात असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा, एवढेच. हेच तत्त्व आपल्यालाही वापरता येईल.

१. शाळेतल्या बैठकीत आधी एकच प्रश्न विचारा. तो सहज जमू लागला की वर्गातला एखादा अनुभव दोन मिनिटांत सांगा. शिक्षण परिषद त्यानंतर. तिथेही एखादे साधन हातात घेऊन बोला.

२. पहिली दोन वाक्ये पक्की करा. बाकीचे पाठ करू नका. पाठांतरातला एक दुवा निसटला की पुढचे अडते. चार मुद्दे जाड कार्डावर लिहा. ते कागदासारखे फडफडत नाही.

३. बोलण्याआधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते.

४. 'शांत हो' असे स्वतःला बजावू नका. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत भाषणापूर्वी 'मी उत्सुक आहे' म्हणणाऱ्यांचे बोलणे 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. धडधड तीच, तिचा अर्थ निराळा.

भीती इतकी असेल की नोकरीच करवत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यावर उपचार आहेत.

करून पाहा

वरच्या वर्गातल्या मुलांना दोन-दोन मिनिटे बोलायला सांगा. बोलण्याआधी आणि नंतर पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणा. मग बोलणाऱ्याने आपण किती घाबरलो होतो याला शून्य ते दहा यांपैकी आकडा द्यावा. तो किती घाबरलेला दिसला याचा आकडा श्रोत्यांनी निराळ्या चिठ्ठीवर लिहावा. सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली दाखवले की श्रोत्यांना आपली भीती आपल्याला वाटते तितकी दिसत नाही, आणि हे आधीच सांगितले तर लोक अधिक चांगले बोलतात.

प्रयोगात पहिला क्रमांक शिक्षकाने घ्यावा आणि आपली नाडी फळ्यावर लिहावी. सरांची किंवा बाईंचीही छाती धडधडते हे दिसले, की मागच्या बाकावरचे न बोलणारे मूल हात वर करण्याची शक्यता वाढते.