पांढरे ठिपके गेले कुठे?

शाळेत माशांची काचपेटी ठेवणारे शिक्षक आपल्याकडे बरेच आहेत. ती पेटी बहुधा गोड्या पाण्याची असते. खाऱ्या पाण्याची पेटी सांभाळण्याची हौस मी काही वर्षं केली आणि तिनं मला माशांपेक्षा तर्काविषयी जास्त शिकवलं.

एका सोमवारी मुलांनी मला हाक मारली. पेटीतल्या सर्जनफिशच्या परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे आठ-दहा पांढरे ठिपके होते. मासा अंग खडकावर घासत होता. दुकानदारानं एक निळं औषध दिलं, ते मी पेटीत ओतलं. शुक्रवारपर्यंत ठिपके साफ गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी निरीक्षणवहीत लिहिलं, ‘औषध लागू पडलं.’

पुढच्या आठवड्यात सगळ्याच माशांच्या अंगावर ठिपके दिसू लागले, एकेकाच्या अंगावर शंभराच्या घरात. मासे पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकत होते. दोन दिवसांत पाचांपैकी तीन मासे मेले. औषधात खोट होती असं तेव्हा वाटलं. खोट माझ्या वहीतल्या वाक्यात होती.

हा रोग ज्याच्यामुळे होतो तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय जीव. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते हलवून तो पोहतो. त्याचं हे नाव १९५१ साली पडलं. (मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेही त्याच वर्षी, हा निव्वळ योगायोग.) गोड्या पाण्यातल्या माशांनाही असाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, पण तो करणारा जीव वेगळा. दोघांची राहणी सारखी असली तरी नातं दूरचं आहे. म्हणून गोड्या पाण्यातला अनुभव इथे जसाच्या तसा वापरून चालत नाही.

या जीवाचं आयुष्य चार टप्प्यांत जातं. पहिल्या टप्प्यात तो पोहत मासा शोधतो. मासा सापडला की त्याच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथेच माशाच्या पेशी खात तीन ते सात दिवस वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हा वाढलेला जीव, फार तर अर्ध्या मिलिमीटरचा. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाशी जातो आणि भोवती घट्ट कवच करून वाळूला किंवा दगडाला चिकटतो. कवचात त्याचे भाग पडत जातात. तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही उशिरा, कवच फुटतं आणि एकाचे दोनशेपर्यंत होऊन बाहेर पडतात. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

आता शुक्रवारी काय झालं असेल ते पाहा. ठिपके औषधानं गेले नव्हते. पोट भरल्यावर ते आपणहूनच जायचे होते. मी पाणी टाकलं असतं तरी ते गेलेच असते, आणि मग मी ‘पाणी लागू पडलं’ असं लिहिलं असतं! वर्गात हे सांगताना फळ्यावर तीस दिवसांची रेघ काढावी आणि तिच्यावर चारही टप्पे मांडावेत. कोणत्या दिवशी मासा ‘बरा’ दिसेल हे मुलं आपणच सांगतात.

समुद्रात हाच जीव माशांच्या अंगावर असतो, पण तिथे सहसा साथ येत नाही. दोनशे पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना मासाच सापडत नाही. काचपेटीत मात्र मासा हातभर अंतरावरच असतो. शिवाय हा जीव मासा सोडतो तो अंधारात, आणि कवचातून पिल्लं बाहेर येतात तीही बहुधा अंधारातच. पेटीतला मासा रोज त्याच कपारीत झोपतो, म्हणजे कवचांच्या शेजारीच. दाटीवाटीनं मासे पाळले की हेच घडतं. म्हणून समुद्रात पिंजरे लावून जिताड्यासारखे मासे वाढवणाऱ्यांना हा जीव परवडत नाही. तिथे प्रश्न हौसेचा नसून पोटाचा असतो.

मासा मरतो कशानं? मुख्य घाव कल्ल्यांवर पडतो. कल्ले सुजले की श्वास कोंडतो, म्हणूनच धाप. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. समुद्रातल्या हाडाच्या माशांचं रक्त समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश इतकंच खारट असतं. त्यामुळे पाण्यात राहूनही त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, आणि ती तूट ते समुद्राचं पाणी पिऊन भरून काढतात. कातडीला शेकडो भोकं पडली की ही गळती वाढते.

प्रत्येक आजार हाच असतो असं नाही. ठिपके सुटे, मोजता येण्याजोगे असतील तर हा. मोजताच येणार नाही अशी सोनेरी भुकटी अंगावर पसरलेली दिसली तर तो अमायलोओडिनियम, आणि मग घाई करा. तो आधी कल्ले गाठतो आणि एक-दोन दिवसांत पेटी रिकामी करतो. परांच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी असतील तर तो विषाणू. त्यावर औषध नाही, आणि बहुधा गरजही पडत नाही. ठिपके काहीच नसताना सगळे मासे एकदम धापा टाकत असतील तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी पाण्यातला अमोनिया तपासा. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असल्यानं त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. माझ्या मते ‘रोग’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात पाण्याच्या असतात.

उपचारांत सर्वांत जुना आहे तो तांब्याचा, म्हणजे मोरचुदाचा. लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम तांबं पाण्यात टिकवलं तर पोहणारी पिल्लं मरतात. कातडीखालच्या ठिपक्याला किंवा कवचाला त्यानं काही होत नाही. म्हणून तीन आठवडे तरी मात्रा टिकवावी लागते. ठिपके गेले म्हणून थांबलं की पुन्हा पहिले पाढे. मोरचुदाच्या स्फटिकात वजनानं जवळजवळ पाव भाग तांबं असतं. म्हणजे १०० लिटरला सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद. शाळेच्या तराजूवर एवढं मोजता येत नाही, तेव्हा ८ ग्रॅम शुद्ध मोरचूद एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिलिलिटर घ्यावं, तेही एकदम न घालता दोन दिवसांत विभागून. मात्रा थोडी जास्त झाली तर मासे दगावतात आणि कमी झाली तर उपयोग नाही, म्हणून पाण्यातलं तांबं रोज तपासायलाच हवं. आणि हे सगळं वेगळ्या टाकीत. मुख्य पेटीत तांबं घातलं तर कोळंबी, शंख, पोवळी मरतात, शिवाय पोवळ्यांची वाळू तांबं शोषून घेते.

दुसरा उपाय खारेपणा उतरवण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते दोन दिवसांत हळूहळू १५ ग्रॅमपर्यंत आणून तीन आठवडे तिथेच ठेवायचे. माशाच्या रक्ताच्या जवळ जाणारं पाणी माशाला मानवतं, परजीवाला सहसा नाही. मात्र या जीवाचे काही प्रकार कमी खारेपणातही तग धरतात, म्हणून खात्री देता येत नाही.

मला सर्वांत आवडतो तो तिसरा, बिनऔषधाचा. इस्रायलमधल्या ऐलात इथले संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी १९८७ साली तो मांडला. कवच फुटायला निदान तीन दिवस लागतात ना? मग दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचा. असं चार वेळा. अंगावरून उतरलेला प्रत्येक जीव मागेच राहतो, आणि त्याची पिल्लं बाहेर येतात तेव्हा मासा तिथे नसतो. दोन टाक्या आणि कॅलेंडर एवढ्यावर भागतं. जाळी आणि नळ्या मात्र दर वेळी पूर्ण वाळवायला हव्यात, नाहीतर पाण्याच्या एका थेंबाबरोबर तो पुढच्या टाकीत पोचतो.

नवा मासा आणला की चार आठवडे वेगळा ठेवावा, हे आता मी कटाक्षानं पाळतो. त्या वेळी उरलेले दोन मासे मी तिसऱ्या पद्धतीनं वाचवले. मुख्य पेटी तेवढे दिवस, आणि खबरदारी म्हणून त्यापुढेही, मिळून सहा आठवडे बिनमाशांची ठेवली. हा जीव माशांशिवाय वाढत नाही, कोळंबी किंवा खेकड्यावर तो जगत नाही. ‘मासेच नाहीत तर पेटीत बघायचं काय?’ असं सातवीतल्या एका मुलीनं विचारलं. तिसऱ्या आठवड्यात तिनंच मला बोलावून दाखवलं, शंखातला खेकडा जुना शंख सोडून नव्या शंखात शिरत होता.