सहा ओढण्यांचा रंग

माझा रंगकामाचा उद्योग सुरू होताहोताच बुडाला होता. कसा, तेच आज सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर हौस म्हणून पांढरी सुती ओढणी हळदीच्या पाण्यात उकळली. असा काही पिवळा रंग चढला म्हणता! भिशीतल्या बायकांनी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘आम्हालाही करून द्या.’’ सहा ओढण्या गेल्या, प्रत्येकी २५० रुपयांना. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण स्वतःच्या कमाईचे दीड हजार रुपये पहिल्यांदाच हातात आले होते. देवापुढे ठेवले.

पंधरा दिवसांत पहिला फोन. ‘‘अहो वहिनी, साबण लावला तर ओढणी लाल झाली की हो!’’ दुसरीची दोरीवर वाळत होती. घडीच्या आत पिवळी आणि उन्हाकडून पांढरट. पुढच्या भिशीत कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण कुणीच ओढणी घेऊन आलं नव्हतं. तेच जास्त लागलं. घरी येऊन पैसे मोजले आणि सहाही जणींना परत केले. हे म्हणाले, ‘‘कशाला हा नसता उद्योग?’’ उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग सोलापूरला बहिणीकडे राहून नैसर्गिक रंगांचा पाच दिवसांचा वर्ग केला. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. पहिला दिवस संपला तरी रंगाचं नाव नाही. मी विचारलंच, ‘‘बाई, रंग कधी?’’

‘‘रंग शेवटी गं. आधी कापडाला तहान लागू दे.’’

माझी चूक तिथे कळली. नव्या सुती कापडाला खळ असते. ती काढल्याशिवाय रंग वरच्या वर बसतो. धुण्याचा सोडा आणि साबण घालून कापड तासभर उकळायचं. नंतर त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच शोषला तर कापड तयार, थेंब मोत्यासारखा राहिला तर पुन्हा उकळायचं.

दुसरी गोष्ट वजनाची. कोरड्या कापडाचं वजन करायचं. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवायचं. पिळून सावलीत वाळवायचं. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात काही तास ठेवायचं. सुताला रंग धरायला हिरडा आणि तुरटी दोन्ही लागतात. मी तर थेट हळदीत बुडवलं होतं! आणि हळदीचा रंग मुळातच उन्हाला टिकत नाही, साबणाच्या सोड्यानं लालसर होतो. म्हणजे दोष माझ्या हाताचा कमी आणि घाईचा जास्त.

आमचा भाग डाळिंबाचा. ज्यूस सेंटरवाला साली फेकूनच देतो. त्या आणून वाळवल्या. कापडाच्या वजनाइतक्या साली रात्रभर भिजवायच्या, तासभर उकळून गाळायच्या, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवायचं आणि तिथेच गार होऊ द्यायचं. छान पिवळा रंग येतो. चिमूटभर हिराकस घातला तर तोच मेंदीसारखा हिरवट होतो. हिराकस जास्त झाला की कापड विरतं, म्हणून चिमूटच. आणि हो, रंगाचं भांडं, चमचा वेगळाच ठेवायचा. स्वयंपाकात पुन्हा वापरायचा नाही.

परत आल्यावर भिशीत धीर करून म्हटलं, ‘‘ओढण्या द्या मला, पुन्हा रंगवते. पैसे नकोत.’’ पाच जणींनी दिल्या. सहावी म्हणाली, ‘‘राहू द्या वहिनी.’’ आवाजावरून समजलं.

या वेळी घाई केली नाही. आधी कापडाची एक पट्टी रंगवली, अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. दुसरी पट्टी साबणानं चार वेळा धुतली. थोडा फिकेपणा आला, पण रंग पळाला नाही. मगच ओढण्या उकळायला घेतल्या.

आता महिन्याला आठ-दहा ओढण्या जातात. फार मोठी कमाई नाही, पण पैसे पुन्हा कुणाला परत करावे लागले नाहीत. प्रत्येकीबरोबर चिठ्ठी देते: रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा, वर्षानुवर्षं वापरलीत तर रंग हळूहळू मवाळ होईल. हे आधीच सांगितलं की गिऱ्हाईक रागावत नाही.

परवा संध्याकाळी दारात ती सहावी उभी. पिशवीतून ती पांढरट ओढणी काढत म्हणाली, ‘‘वहिनी, माझी राहिली होती.’’

चहा टाकला आणि तिच्यासमोरच ओढणीचं वजन करायला घेतलं.