एक गुंठा जमीन आणि चार भिंती

स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर आपल्या मर्जीप्रमाणे घर का बांधू नये, असा प्रश्न नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात रोज कोणीतरी विचारीत असतो. प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र थोडे मागे जाऊन शोधावे लागते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. एकमेकींना चिकटलेल्या चाळी, आत सूर्यकिरण नाही, हवा नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे ६३½ अंशांचा नियम लावला. त्याचा सोपा अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक नको. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळ दिसेल. घराभोवती सामासिक अंतर सोडावयाचे ते याच कारणासाठी. ती जागा आपली असली तरी तिच्यातून येणारा उजेड शेजाऱ्याचाही असतो.

दुसरे बंधन चटई क्षेत्र निर्देशांकाचे. (हे भारदस्त नाव ज्याने ठेवले त्याने चटई अंथरून पाहिली असावी!) सर्व मजल्यांच्या क्षेत्राची बेरीज भागिले भूखंडाचे क्षेत्र, एवढेच ते गणित. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू झाली. तिच्यात शहराच्या विरळ वस्तीत मूळ निर्देशांक १.१, तर जुन्या दाट वस्तीत १.५ आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस भूखंड असेल तर ३३ फूट बाय ३३ फूट. १.१ ने सुमारे ११९८ चौरस फूट बांधता येतात. पण समजा, पुढे दहा फूट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले, तर जोते उरते २३ बाय १८, म्हणजे अवघे ४१४ चौरस फूट. हक्काचे क्षेत्र वापरण्यासाठी तीन मजले चढवावे लागतील. कारकुनाच्या पगारात तीन मजले कुठून येणार?

त्याच नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत दिली आहे: नकाशा व शुल्क भरून पोच घेतली, की परवानगीसाठी थांबावे लागत नाही. पण भूखंड अधिकृत हवा, आणि खरी मेख तिथेच आहे. विकास आराखड्याच्या नकाशात पिवळा रंग निवासी भागाचा, हिरवा शेतीचा. पिवळ्यातली जमीन परवडत नाही म्हणून गरीब माणूस हिरव्यात गुंठा घेतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा खरेदीची नोंद होणे कठीण होते. मग व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर. अशा वस्त्या इतक्या वाढल्या की २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्या नियमित करण्याची सोय झाली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली गेली. माझ्या मते नियम मोडणाऱ्याला दोन वेळा माफ करावे लागते, तेव्हा नियमाच्या आखणीतच काही राहून गेलेले असते. परवडणारी पिवळी जमीन पुरेशी आखली असती, तर हिरव्यात कोण गेले असते?

विसार देण्याआधी सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि झोन दाखला हे चार कागद मागावेत. विकणारा ‘नंतर देतो’ म्हणाला, तर विसाराचे पैसेही नंतरच द्यावेत.