ऊन पाण्याचा मुक्काम

जपानच्या यामानाशी प्रांतात डोंगरांच्या बेचक्यात निशियामा ओन्सेन केइउनकान नावाची सराई आहे. तिची स्थापना इ.स. 705 ची मानतात आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. इशिकावा प्रांतातली होशी ही सराई 718 ची. महाराष्ट्रावर तेव्हा बदामीचा चालुक्य विजयादित्य राज्य करत होता. राजवटी गेल्या, लढाया झाल्या, तरी या सराया टिकल्या, कारण त्यांच्या अंगणात जमिनीतून येणारं ऊन पाणी कधी थांबलं नाही आणि त्या पाण्याला जपणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली.

अशा सराईला रयोकान म्हणतात आणि नैसर्गिक ऊन पाण्याच्या झऱ्याला ओन्सेन. पाहुणा दुपारी तीनच्या सुमारास पोचतो. दारातच चपला काढायच्या. खोलीत गवताच्या विणीच्या ताटामी चटया, एक बुटकं मेज, बसायला गादी आणि गरम चहा. पलंग नसतो. रात्री जेवण झालं की फुतोन म्हणजे जाड गादी जमिनीवर अंथरली जाते आणि सकाळी गुंडाळून कपाटात जाते. अंगात घालायला युकाता हा सुती झगा मिळतो, आणि त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची असते, कारण उलट पद्धत तिथे फक्त मृतदेहासाठी. सराईचा सगळा कारभार बहुधा मालकीणबाई बघतात, त्यांना ओकामी म्हणतात. दर ठरतो तो एक रात्र आणि दोन जेवणं असा. संध्याकाळच्या जेवणात लहान लहान भांड्यांतून त्या ऋतूतलं, त्या गावच्या आसपासचं जे असेल ते येतं. पूर्वी शेतीची कामं संपली की शेतकरी आठवडा-दोन आठवडे असे मुक्काम करायचे, स्वतःचे तांदूळ बरोबर नेऊन तिथेच रांधायचे. दुखरे गुडघे आणि भरून आलेली पाठ घेऊन जायचे आणि हलके होऊन परतायचे.

पण या मुक्कामाचा कणा म्हणजे स्नानाचा शिष्टाचार. हौदाबाहेर छोटी स्टुलं, बादल्या आणि नळ असतात. तिथे बसून साबणाने सर्वांग धुवायचं, साबणाचा एक कण राहू द्यायचा नाही, आणि मगच हौदात उतरायचं. कपडे घालून उतरायचं नाही. सोबतचा लहान पंचाही पाण्याला लागू द्यायचा नाही. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. केस वर बांधायचे. पाणी साधारण 40 ते 42 अंश सेल्सियस असतं, त्यामुळे दहा मिनिटं पुरेशी होतात. स्त्री-पुरुषांचे हौद वेगळे. हौद अंग स्वच्छ करण्यासाठी नसतोच. तो शेकण्यासाठी आणि गप्प बसण्यासाठी असतो. एका पाण्यात गावभरचे लोक उतरतात आणि तरी ते पाणी नितळ राहतं, ते या एका क्रमामुळे: आधी अंघोळ, मग कुंड.

या शिष्टाचाराच्या पाठीशी कायदा आहे. 1948 च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून बाहेर पडताना 25 अंश किंवा त्याहून उष्ण असलेलं पाणी, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा घटक पुरेशा प्रमाणात असलेलं पाणी ओन्सेन ठरतं. नवा झरा खणायला प्रांताची परवानगी लागते. पाण्यात काय आहे, ते कोणी टाळावं, याचा तक्ता भिंतीवर लावावा लागतो. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्नान-कर. दर माणशी साधारण 150 येन सराई गोळा करते आणि गावच्या पालिकेकडे भरते. तो पैसा झऱ्यांची देखभाल, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयी यांवर खर्च करायचा असतो. म्हणजे पाण्याने कमावलेला पैसा पाण्याच्याच गावात फिरतो.

कुसात्सू या गावी तर पाणी इतकं कढत येतं की ते निवण्यासाठी लांब फळ्यांनी घुसळतात. थंड पाणी मिसळलं तर गुण पातळ होतो म्हणून ही मेहनत. 1876 मध्ये जपानला वैद्यकशास्त्र शिकवायला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी या पाण्याची आणि स्नानपद्धतीची वाखाणणी केली. परंपरेला अशी आधुनिक वैद्यकाचीही जोड मिळाली.

आता आपल्याकडे वळू. मी राहते ते लखनौचं गोमती नगर नदीच्या गाळावर वसलं आहे. इथे खाली शेकडो मीटर गाळच गाळ, त्यामुळे खोलवरची ऊब वर यायला वाट नाही. इथल्या नवाबी हमामांचं पाणी जळणावर तापवलेलं. इथल्या माणसाला भुईतलं ऊन पाणी बघायचं तर बिहारमधलं राजगीर किंवा बद्रीनाथचं तप्तकुंड गाठावं लागतं. आणि आपलं कोकण? पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात ऊन पाण्याच्या झऱ्यांची रांगच आहे. ज्वालामुखीचा इथे आज काही संबंध नाही. सह्याद्रीवरचं पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. जपानमध्येही कोबेजवळचं प्रसिद्ध आरिमा ओन्सेन कुठल्या जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी नाही. तेव्हा ‘त्यांच्याकडे ज्वालामुखी आहेत, आपल्याकडे कुठे’ ही सबब चालणार नाही.

थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली भारतातल्या उष्ण झऱ्यांची यादी 1882 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापली, त्यात तीनशेच्या आसपास झरे आहेत. लोकांना ते त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होते. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणारे भाविक वाट वाकडी करून उन्हेऱ्याला बुडी मारतात. महाडजवळ सावित्रीकाठी सव, संगमेश्वर तालुक्यात मुंबई-गोवा रस्त्यालगत तुरळ आणि अरवली, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापुराजवळ अर्जुनेच्या काठी उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या घरातलं, थेट अंगावर घेता येत नाही. कोकणाबाहेर जळगावच्या चोपडा तालुक्यात उनपदेव आणि नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. दोन्हींशी शरभंग ऋषींची कथा जोडलेली.

रयोकानच्या सर्वांत जवळ जाणारी जागा मात्र तानसा नदीकाठची: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला. मे 1739 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला आणि देवीचं देऊळ उभं राहिलं. 52 पायऱ्या, भक्कम तट आणि दरवाजा, किल्ल्यासारखंच. गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळासमोर कुंडं आहेत. इथेच राहिलेल्या नित्यानंद स्वामींनी 8 ऑगस्ट 1961 रोजी देह ठेवला, आणि त्यांच्यामुळे देशोदेशीचे लोक या खेड्यात येऊ लागले. धर्मशाळा आहेत, लॉजिंग आहे, काही ठिकाणी खासगी हौदांत झऱ्याचं पाणी घेतलेलं आहे. मुंबईहून सकाळी निघालं तर जेवणाच्या आधी अंग शेकून होतं.

म्हणजे पाणी आहे, देव आहे, इतिहास आहे, राहायची सोय आहे. नाही ती शिस्त. कुंडात उतरून साबण लावणारे, तेल चोपडून बुडी मारणारे, शाम्पूची रिकामी पाकिटं काठावर टाकणारे आपणच. स्त्रियांना निवांत कपडे बदलायला धड आडोसा बहुतेक ठिकाणी नसतो, आणि मला या सगळ्यातलं हे सर्वांत जास्त लागतं. ज्या बाईचे गुडघे आयुष्यभर भातलावणीच्या चिखलात गेले, तिला शेकायचं तर ओलेत्याने लोकांच्या नजरा झेलत चालावं लागतं. पाण्यात काय आहे, किती अंश आहे, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी किती वेळ बसावं, गर्भवतींनी उतरावं की नाही, हे सांगणारा फलक शोधून सापडत नाही. साचलेल्या कोमट पाण्यात मेंदूला घातक ठरणारा अमीबा वाढू शकतो आणि तो नाकावाटे शिरतो, म्हणून डोकं बुडवू नये, एवढी सूचनाही नसते.

यासाठी जपानसारखे लाकडी महाल बांधायची गरज नाही, आणि तसा मोह धरूही नये. कोकणातल्या घरगुती राहण्याच्या सोयीत रयोकानचं बरंच काही आधीपासून आहे: चपला बाहेर, जमिनीवर गादी, आणि त्या दिवशी जे मासे मिळाले, परसात जे पिकलं त्याचं जेवण. कारभार बघणाऱ्या वहिनी किंवा काकूच असतात. त्यात भर घालायची ती तीन गोष्टींची. कुंडाबाहेर अंघोळीसाठी नळ आणि बंदिस्त खोल्या, दरवर्षी पाण्याची तपासणी करून देवनागरीत लावलेला तक्ता, आणि ग्रामपंचायतीने घ्यायचा माणशी दहा-वीस रुपयांचा स्नान-कर, जो कुंडाखेरीज कशावरही खर्च होणार नाही. देवस्थान, ग्रामपंचायत आणि घरमालक एका बैठकीत बसले तर एका उन्हाळ्यात होण्यासारखं हे काम आहे.

आणि दिवाळी संपल्यावर, थंडीत, तुमच्यापैकी कोणी गणेशपुरीला, उन्हेऱ्याला किंवा तुरळला जाणार असेल तर कुणाच्या निर्णयाची वाट पाहू नका. बादलीभर पाणी बाहेर घ्या, अंग स्वच्छ धुवा, साबण पिशवीत परत ठेवा आणि मग कुंडात उतरा. मुलांनाही तसंच करायला लावा.