बारीक दिसणाऱ्या बाळाची न दिसणारी चरबी

भिलाईतल्या मराठी घरात बारसं असलं की पाळण्याभोवती दोन विषय हमखास निघतात. बाळाचं नाक कुणावर गेलंय आणि बाळ किती बारीक आहे! गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या लेकीचं बारसं झालं. जन्माचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि मग सल्ले सुरू झाले. "हिला जरा गुटगुटीत करा गं," एक काकू म्हणाल्या. दुसरीनं डब्यातल्या दुधाचं नाव सुचवलं. तिसरीनं तर सहाव्या महिन्यापासून रोज किती चमचे तूप घालायचं, तेही सांगून टाकलं. बहीण हसत होती, पण तिचे डोळे भरून आलेले मला दिसले.

मी डॉक्टर नाही, लेख लिहिणारी आहे. पण त्या रात्री "बाळाचं कमी वजन" म्हणून शोधायला बसले आणि पोहोचले थेट पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. तिथं ३० वर्षांपूर्वी सुरू झालेलं एक संशोधन वाचल्यावर बाळाच्या वजनाकडे बघायची माझी नजरच बदलली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत असत. पुस्तकात लिहिलेला मधुमेही म्हणजे लठ्ठ आणि उतारवयाचा. त्यांच्याकडे येणारी माणसं मात्र तरुण आणि बऱ्यापैकी सडपातळ होती. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर सांगत होते की, मोठेपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची मुळं आईच्या पोटात असू शकतात. मग हे आपल्याकडेच तपासून का पाहू नये? १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाली.

यातली मेहनत ऐकण्यासारखी आहे. गरोदर राहण्याच्या आधीपासूनच बायकांची नोंद ठेवायची होती. म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. सासरच्या ओसरीवर बसून दर महिन्याला हा प्रश्न विचारायचा आणि तिनं त्याचं उत्तर द्यायचं, हे १९९३ च्या खेड्यात किती अवघड असेल! पाळी चुकली की सोनोग्राफी, मग ठरलेल्या आठवड्यांना रक्ततपासणी, काय खाल्लं याची नोंद, आणि दिवसभरात किती काम केलं याचीसुद्धा. या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गरोदर राहण्याआधीचं वजन जेमतेम ४२ किलो. शेतातली, पाण्याची जड कामं जितकी जास्त, तितकं बाळ लहान, हेही त्या नोंदींतून दिसलं. 'गरोदरपणात काम केलं की बाळंतपण सोपं जातं' असं ऊठसूट सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याचं मोजमाप व्हायचं. नुसतं वजन नाही. डोकं, पोट, दंडाचा घेर, आणि चिमट्यासारख्या यंत्रानं पाठीवरच्या कातडीच्या घडीची जाडी. ही घडी म्हणजे कातडीखालच्या चरबीचा अंदाज. मग या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचं ३.५ किलो. म्हणजे तब्बल ८०० ग्रॅमचा फरक. आपली बाळं जवळपास सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण पाठीवरची चरबी? तिच्यात सर्वांत कमी फरक होता. बाळ हडकुळं, पण चरबी राखून ठेवलेली. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि भारतीय बाळाला जगाच्या वैद्यकशास्त्रात एक नवीन विशेषण मिळालं: 'थिन-फॅट', म्हणजे बारीक तरी चरबीदार.

इथं हार्मोनचा संबंध येतो. साखर पेशींत पोहोचवणारं इन्सुलिन आणि चरबीत तयार होणारं लेप्टिन, ही दोन्ही हार्मोन्स या डॉक्टरांनी नाळेच्या रक्तात मोजली. पुण्यातली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनानं कमी होती, तरी त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त निघालं. पहिला घास खाण्याच्या आधीच शरीराचा कल ठरू लागलेला असतो!

याचं मोठेपणीचं रूप डॉ. याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवलं. त्यांचा आणि ब्रिटनमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातलं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच वाटले.

त्या सहा गावांतली बाळं पुढे शाळेत जाऊ लागली, तरी अभ्यास थांबला नाही. सहाव्या वर्षी मुलांच्या रक्तातली साखर आणि इन्सुलिन तपासलं गेलं. गरोदरपणी साठ टक्क्यांहून अधिक आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र बहुतेकींचं चांगलं होतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. एक गोष्ट इथंच स्पष्ट लिहिते, कारण अर्धवट वाचून घोटाळा होतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मुळीच बंद करायची नाही. बाळाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या जन्मजात दोषांपासून ती वाचवते. शिवाय अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच कळतं, एकीमुळेच दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. प्रश्न बी-१२ कडे होणाऱ्या दुर्लक्षाचा आहे. ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं, भाज्यांमधून नाही. पूर्ण शाकाहारी घरात, त्यातही सगळ्यांना वाढून उरलेलं दूध सुनेच्या वाट्याला येत असेल तर, हिशोब कुठं बिघडतो ते सांगायला नको.

ही मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा बहुतेकजण सडपातळच होते. तरी मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांमध्ये साखर मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यावर पोहोचलेली होती. ती शहरातली पिझ्झा-बर्गर खाणारी नव्हती, खेड्यातली होती.

मग करायचं काय? मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्टीतल्या बायकांना २००६ पासून काही वर्षं रोज एक खाऊ दिला. समोशासारखाच, पण आत पालेभाज्या, सुकवलेली फळं आणि दूध पावडर. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा वगैरेंचा खाऊ मिळायचा. एकूण सगळ्या बायकांचा हिशोब केला तेव्हा बाळांच्या वजनात विशेष फरक नव्हता. पण ज्यांनी गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती. ४८ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. खरी बातमी पुढे होती. गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के होता, तो पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के निघाला. तपासणीची चिठ्ठी हातात पडल्यावर सुरू होणारे आपले डिंकाचे लाडू जरा उशिराच येतात म्हणायचे.

पुण्याच्या त्याच गावांत २०१२ मध्ये पुढची पायरी सुरू झाली. १९९३ नंतर जन्मलेली मुलं आता वयात आली होती. त्यांना, मुलींना आणि मुलांनाही, लग्नाच्या आधीपासून बी-१२ च्या गोळ्या दिल्या. मात्रा अगदी लहान, रोज २ मायक्रोग्रॅम. पुढे त्या मुली आई झाल्या आणि त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं. ज्या आजीनं कधीकाळी ओसरीवर बसून पाळीची तारीख सांगितली होती, तिच्या नातवंडाचं ते रक्त. एवढी वर्षं एकाच अभ्यासाला साथ देणं मला तरी जमलं नसतं.

काकूंच्या सल्ल्याकडे परत येते. लहान जन्मलेल्या बाळाला घाईघाईनं गुटगुटीत करायला गेलं, तर वाढतं काय, याचा विचार करायला हवा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मग डॉक्टरांकडच्या तक्त्यावर वजनासोबत उंचीची रेषाही बघायची. पाच वर्षांनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते तयार करण्यात पुण्याच्याच डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यांत जादा वजनाची रेषा मोठ्यांच्या २५ बीएमआयऐवजी २३ ला धरून आखली आहे, कारण आपली चरबी लवकर साठते. आणि हो, लहान मुलांत अचानक सापडणारा, इन्सुलिनची इंजेक्शनं लागणारा टाइप १ मधुमेह वेगळा. तो गोड खाऊन किंवा आईच्या चुकीनं होत नाही. अशा घरात जाऊन "काय खायला घातलंस?" असं कृपा करून विचारू नका.

बहिणीला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो बाळाबद्दल नव्हता. "माझं बी-१२ कधी तपासलंय का गं कुणी?" दोघींनी मिळून तिची गरोदरपणातली फाइल उघडली. हिमोग्लोबिन होतं, साखर होती, थायरॉईड होता. बी-१२ चा कागद नव्हता. सोमवारी ती रक्त द्यायला जाणार आहे. बाळ तेवढा वेळ माझ्याकडे आहे.