पिकअप उंच करताना पाट्यांपुरतेच पाहू नका

पिकअप ही आता पुष्कळ शेतकरी घरांतली बैलजोडी झाली आहे. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट, खताची पोती, सगळे तिच्याच पाठीवर. चाकोरीत पोट घासू लागले किंवा भरल्यावर मागची बाजू फार बसू लागली, की गाडी उचलून घेण्याचा विचार मनात येतो. कोणी पाट्यांच्या जुडग्यात एखाददोन पाटे वाढवतो, कोणी हौसिंग आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालतो, तर कोणी शहरातून तयार 'लिफ्ट किट' आणतो. ते पसंत पडले नाही तर वर्षभरात दुसरे. काम एका दुपारी उरकते. पण पाट्यांना जोडलेले बाकीचे भागही त्याबरोबर जागचे हललेले असतात, आणि ते पुन्हा जुळवून घ्यायचे मात्र राहून जाते.

यांत सर्वांत घातक गोष्ट मागच्या ब्रेकची. पुष्कळ पिकअपना मागच्या हौसिंगजवळ एक लहानसा वॉल्व्ह असतो. गॅरेजवाले त्याला एल.एस.पी.व्ही. म्हणतात. त्याची दांडी हौसिंगला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते, आणि वॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरत नाही. आता तुम्ही मागची बाजू दोन इंच उचललीत, किंवा पाटे इतके कडक केलेत की माल भरूनही चासी बसत नाही. तर त्या वॉल्व्हला काय वाटणार? गाडी रिकामीच आहे! मग भरलेल्या गाडीलाही मागे रिकाम्या गाडीइतकाच ब्रेक मिळतो आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. गावच्या सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पण नाशिककडची भाजी घेऊन कसारा घाट उतरताना, किंवा ओतूरहून माळशेज उतरताना, पुढचे ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते, आणि केबिनमध्ये आपलीच माणसे बसलेली असतात. म्हणून उंची बदलली की हा वॉल्व्ह कंपनीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावा. काही ठिकाणी ती दांडी तारेने बांधून टाकतात. तसे कदापि करू देऊ नका. ए.बी.एस. असलेल्या काही नव्या गाड्यांत हा वॉल्व्ह नसतो. आपल्या गाडीत आहे की नाही, ते आधी विचारून घ्यावे.

ब्रेकच्या रबरी नळीकडेही तेव्हाच पाहावे. चासीला जॅक लावून मागची चाके पूर्ण लोंबकळू द्यावी आणि नळी कुठे ताणली जाते का ते हाताने चाचपावे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, चासीला घोडे लावावेत. त्याच वेळी शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात, तोही तपासावा. उंची वाढल्यावर जुना शॉकअप अपुरा पडतो. खड्ड्यात चाक खाली गेले की तोच दोरीसारखा ताणला जातो, सील फुटून तेल गळते किंवा त्याची कडीच तुटते. लांब शॉकअप घातला तर उलटे पाहावे: गाडी पूर्ण दबल्यावर आधी रबरी गुटका टेकला पाहिजे, शॉकअप नव्हे. नाहीतर गुटका वाढवावा लागतो.

गाडी उचलल्यानंतर ठराविक वेगाला खालून थरथर येऊ लागली, तर चाकांच्या बॅलन्सवर खर्च करण्याआधी प्रॉपेलर शाफ्ट पाहावा. त्याचा उतार वाढलेला असतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन जवळजवळ सारखे राहावेत म्हणून पाटा आणि हौसिंग यांच्यामध्ये पाचर घालतात. किट बदलताना जुन्या किटची पाचर तशीच राहून गेली, तर नव्या उंचीला तो कोन बिघडतो. ठोकळ्यावर ठोकळा चढवणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे, आणि पुढच्या एक्सलखाली ठोकळा मुळीच नको. पुढची उंची बदलली असेल तर चाकांचे अलाइनमेंट करावे, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजून जातात. रात्री हेडलाइटचा झोतही भिंतीवर पाहून लावावा.

पाटे वाढले म्हणून गाडीत भरण्याचे वजन वाढत नाही, हे घरात एकदा बोलून ठेवावे. हौसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे पूर्वीचेच असते, आणि आर.सी. पुस्तकात लिहिलेले वजनही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा किट घेण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारलेले बरे.

गाडी गॅरेजात लावाल तेव्हा दोन गोष्टी उभे राहून करून घ्या. यू-बोल्ट नवे आणि पुरेशा लांबीचेच घालावेत. एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा धरत नाहीत. आणि रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावरच आवळावेत. लोंबकळत्या पाट्यावर आवळले तर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. पहिल्या चार-पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा मापाच्या पान्याने आवळून घ्यावेत. ही दुसरी फेरी मजुरीत धरली आहे का, ते आधीच ठरवून घ्या.