त्वचेवरचे पांढरे डाग

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या ओठाजवळ किंवा बोटांवर पांढरा डाग दिसू लागला, की त्याच्या बाकावरची मुले हळूहळू सरकून बसू लागतात. त्याच्या डब्यातले कोणी खात नाही. ‘कोड लागते’ हा समज त्यामागे असतो. तो खरा आहे का, हे पाहण्यासाठी त्वचेच्या आत डोकावायला हवे.

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा फार पातळ असते; पापणीवर तिची जाडी ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी, तर तळपायावर १ मिलिमीटरहून अधिक भरते. खालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात आणि वर सरकत सुमारे महिनाभरात मृत होऊन गळून पडतात. अंघोळ करताना निघणाऱ्या मळात त्याही असतात!

याच तळाच्या थरात रंगपेशी विखुरलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळपट द्रव्य बनवतात आणि आपल्या लांब फाट्यांवाटे शेजारच्या पेशींना पुरवतात. मेलॅनिन उन्हातील जंबुपार किरण शोषून घेते. प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या मला यातली एक गोष्ट फार आवडते. मेलॅनिनचे कण पेशीकेंद्रकाच्या वरच्या बाजूला, म्हणजे ऊन येते त्या बाजूला, टोपीसारखे जमतात. छत्री कुठे धरायची हे जणू पेशीला ठाऊक असते! गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनमध्ये.

कोडात या रंगपेशीच नाहीशा होतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परके समजून नष्ट करते. कोड जंतूंमुळे होत नाही; मग ते शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागणार कसे? मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड होते, हेही खरे नाही.

प्रत्येक फिकट डाग कोडाचा नसतो. छातीपाठीवरची शिबे, ज्यांवर खरवडल्यास बारीक कोंडा निघतो, ती बुरशीमुळे येतात. ती मलमाने बरी होतात, पण रंग भरून यायला काही महिनेही लागतात. मुलांच्या गालांवरच्या पुसट चट्ट्यांचा दोष आपण पोटातल्या जंतांना देतो. बहुधा ती नुसती कोरडी, किंचित सुजलेली त्वचा असते.

एका डागाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. डोळे मिटून फिकट किंवा तांबूस चट्ट्यावरून कापसाचा बोळा फिरवून घ्या. कोडावर तो जाणवतो, कारण तेथे मज्जातंतू शाबूत असतात. जाणवला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधले. ते त्वचेतले मज्जातंतूच निकामी करतात. ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. डाग लपवून उशीर केला, तर जंतू मरतात, पण वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.